झिर्कोनियाचा ब्रिज कॅड-कॅमवर नेमका बनतो कसा, आणि त्याला आठ दिवस का लागतात

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते वाचणाऱ्याला कळेल. बाबांची खालची उजवी मोठी दाढ काढली, शेजारच्या दोन दातांच्या आधाराने डॉक्टरांनी तीन दातांचा झिर्कोनियाचा, म्हणजे पांढऱ्या सिरॅमिकचा, ब्रिज सांगितलाय, "कॅड-कॅमचा आहे, सगळं कॉम्प्युटरवर होतं" असं म्हणाले (कॅड-कॅम म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाईन आणि मशीनने कापणं), आणि तुमचं म्हणणं असं की मशीनच बनवणार असेल तर आठ दिवस कशाला, मेटलच्या कॅपपेक्षा पैसे जास्त कशाला, आणि ते पंधरा वर्षांच्या वॉरंटीचं कार्ड कितपत खरं.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. मी लॅबवाला, म्हणजे डॉक्टर माप पाठवतात आणि आम्ही दात बनवून परत पाठवतो. १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टमध्ये आमच्या माणसाला 'डेंटल मेकॅनिक' म्हटलंय, आणि मला तो शब्द आवडतो, कारण काम मेकॅनिकचंच आहे. मिरजेत २६ वर्षं झाली. त्यातली पहिली बारा-तेरा वर्षं मेण, कास्टिंग आणि ब्रशने पोर्सिलेन चढवण्यात गेली, नंतर स्कॅनर आला, मग मिलिंग मशीन आलं. त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात, आणि मला एकच गोष्ट सांगायचीये की या सगळ्या कामाचा जीव जागेत आहे. दातावर किती जागा केली, कॅपच्या आत सिमेंटला किती ठेवली, दोन दातांच्या जोडाला किती मिळाली, आणि भट्टीत माल आकसणार ती जागा आधी किती मोजून धरली. मशीन फक्त सांगितलं ते कापतं.

सुरुवात तुमच्या डॉक्टरांच्या खुर्चीवर होते. ४५ आणि ४७ नंबरचे दात, म्हणजे काढलेल्या ४६ च्या पुढचा आणि मागचा, ते चारी बाजूंनी आणि वरून घासून बारीक करतात, त्याला आम्ही प्रेप म्हणतो. वरून साधारण एक ते दीड मिलिमीटर, बाजूंनी थोडं कमी, आणि हिरडीजवळ एक बारीक पायरी. ही पायरी म्हणजे मार्जिन, कॅपची कड बरोबर तिथे येऊन टेकणार. मेटलच्या काळात ही कड सुरीसारखी पातळ केली तरी चालायची, कारण धातू पातळ असला तरी टिकतो. सिरॅमिक तसं नाही, त्याला कडेला गोलसर पायरी लागते, आतले कोपरेसुद्धा गोल लागतात. जुन्या सवयीचे काही डॉक्टर अजून मेटलची प्रेप करून वर "झिर्कोनिया" लिहून पाठवतात, मग आम्ही फोन करतो, मग सर चिडतात, मग पेशंट परत येतो. हे महिन्यातून दोन-चार वेळा होतंच.

मग माप. दोन पद्धती आहेत. एक म्हणजे तोंडातच स्कॅनरची कांडी फिरवायची, ती भराभर फोटो काढते आणि कॉम्प्युटर ते एकमेकांना जोडत जाऊन दातांचा थ्रीडी आकार तयार करतो. दुसरी म्हणजे नेहमीचं रबराचं माप, ते लॅबमध्ये येतं, आम्ही त्यात स्टोन, म्हणजे कडक प्लास्टर, ओततो, मॉडेल बनवतो आणि टेबलावरच्या स्कॅनरमध्ये ते मॉडेल स्कॅन करतो. माझ्याकडे अजूनही बरंचसं काम दुसऱ्या पद्धतीनेच येतं, जत, कवठेमहांकाळकडून एसटीच्या पार्सलने डबे येतात. लोकांना वाटतं तोंडातला स्कॅन म्हणजे हमखास अचूक. तीन दातांच्या ब्रिजला तो उत्तम आहे, पूर्ण जबड्याला फोटो जोडता जोडता चूक साठत जाते. आणि एक मोठी अडचण, कॅमेऱ्याला जे दिसत नाही ते त्याला माहीतच नसतं. मार्जिन हिरडीच्या आत गेलंय, वर रक्त आहे, लाळ आहे, तर स्कॅनमध्ये तिथे नुसतं लोण्यासारखं गुळगुळीत काहीतरी येतं. रबराचं पातळ मटेरियल निदान हिरडीच्या फटीत थोडं शिरतं तरी. म्हणून डॉक्टर मापाआधी हिरडीत दोरा घालतात, पाच-दहा मिनिटं, बाबांना जरा दुखेल पण तो दोरा घातला तर समजा की डॉक्टर काळजीने काम करतायत.

आता फाईल माझ्याकडे आली, खालचा जबडा, वरचा जबडा, आणि दोन्ही चावून धरलेला बाईट. इथून डिझाईन सुरू. एक्झोकॅड आणि थ्रीशेप ही दोन सॉफ्टवेअरं आमच्या धंद्यात घरोघरी, पहिलं जर्मनीतल्या डार्मस्टाटचं, दुसरं कोपनहेगनचं. पहिलं काम मार्जिनची रेघ काढणं. सॉफ्टवेअर स्वतः रेघ ओढून दाखवतं आणि नव्वद टक्के ठिकाणी बरोबर ओढतं, पण उरलेल्या दहा टक्क्यांतच कॅप उघडी राहते, म्हणून मी अजून प्रत्येक दाताभोवती स्क्रीन फिरवून, मोठं करून, माऊसने एकेक बिंदू सरकवतो. माझ्याकडे शिकायला येणारी पोरं इथे घाई करतात. दात सुंदर काढतात, खाचा काय, कंगोरे काय, आणि मार्जिन मात्र ऑटोमॅटिक! मी म्हणतो, अरे खाचा पेशंट आरशात बघेल, पण कीड मार्जिनमधून शिरेल.

मग ब्रिज वरून खाली सरळ बसला पाहिजे. दोन्ही दात एकमेकांना समांतर नसतील, एक पुढे एक आत कलला असेल, तर ब्रिज एकावर बसतो आणि दुसऱ्यावर अडतो. मागची दाढ पुढच्या रिकाम्या जागेत झुकलेली असणं हे तर नेहमीचं, दाढ काढून चार-पाच वर्षं झाली असतील तर नक्कीच. सॉफ्टवेअरमध्ये हा भाग लाल दिसतो. थोडं असेल तर आतून भरून घेतो, जास्त असेल तर डॉक्टरांना स्क्रीनशॉट पाठवतो की सर इथून जरा घासून परत माप द्या. हा मेसेज पाठवायचा म्हणजे आठातला एक दिवस गेला.

त्यानंतर सिमेंटची जागा. कॅप दातावर अगदी घट्ट, हवा पण शिरणार नाही अशी बनवली तर ती बसतच नाही, कारण सिमेंटला जायला वाट नसते आणि ती वरच उचललेली राहते. म्हणून आत सगळीकडे ५० मायक्रॉन, कुणी ६०-७० ठेवतो, म्हणजे ढोबळ मानाने एका केसाची जाडी, आणि अगदी मार्जिनच्या कडेला ती जवळजवळ शून्यावर आणायची. शिवाय अजून एक भानगड आहे जी डॉक्टरांनाही बरेचदा माहीत नसते. मिलिंगचा बर, म्हणजे मशीनमधलं फिरणारं कापायचं टोक, गोल असतो. आतलं काम साधारण १ मिलिमीटरचा बर करतो, बारीक कामाला ०.६ चा. आता दाताचा वरचा कंगोरा या बरापेक्षा पातळ, टोकदार असेल तर बराला कॅपच्या आत तेवढी बारीक खाच कापताच येत नाही. मग सॉफ्टवेअर काय करतं, तिथे जास्तीची पोकळी धरतं, म्हणजे कॅप निदान अडू नये. परिणाम, आत ढिलं आणि वर कॅप पातळ. डॉक्टर म्हणतात "तुमची कॅप डगमगते", आणि चूक मशीनची नसते, टोकदार घासलेल्या दाताची असते.

आता ब्रिजची खरी गोष्ट, जोड. मधला दात, ४६, हवेत आहे, त्याला मुळं नाहीत, तो दोन्ही बाजूंच्या कॅपना जिथे जोडलाय त्या दोन ठिकाणांना कनेक्टर म्हणतात आणि ब्रिज मोडला तर बहुतेकदा तिथेच मोडतो. मागच्या बाजूला एक दात रिकामा असेल तर मी ज्यांचा झिर्कोनिया वापरतो त्या कंपन्या कनेक्टरचा छेद साधारण ९ चौरस मिलिमीटर मागतात. पण ९ कसे हे महत्त्वाचं. तीन उंच आणि तीन रुंद वेगळं, दोन उंच आणि साडेचार रुंद वेगळं. फळी आडवी टाकली की वाकते, उभी धरली की वाकत नाही, घराच्या माळ्याचे वासे टाकणाऱ्या सुताराला विचारा. उंची निम्मी झाली तर वाकणं आठपट वाढतं, आणि रिकामी जागा दुप्पट लांब झाली तरी आठपट. धातू जरा वाकतो आणि परत येतो, सिरॅमिक वाकायला तयारच नाही, ते तडकतं. म्हणून मी उंचीसाठी भांडतो. पण उंची वाढवली की खालून हिरडीजवळ ब्रश जायची जागा संपते, अन्न अडकतं, वास येतो. बाबांचे दात उंचीला आखूड असतील, तंबाखू-सुपारीने झिजलेले असतील, तर ही ओढाताण खूप होते, आणि तेव्हा काही वेळा मी स्वतः डॉक्टरांना सांगतो की सर इथे मेटलवर सिरॅमिक करू, झिर्कोनियाचा हट्ट नको. धंद्याच्या दृष्टीने मूर्खपणा, पण तीन वर्षांनी मोडलेला ब्रिज हातात घेऊन पेशंट दारात नको.

एक उत्तर तुमच्या "आठ दिवस का" ला इथेच आहे. एका भेटीत कॅप होते, ते खोटं नाही. फ्रान्समध्ये फ्रांस्वा द्युरे यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दाताचं माप प्रकाशाने घ्यायची कल्पना मांडली, आणि झ्युरिक विद्यापीठात वेर्नर म्योरमान हे डेंटिस्ट आणि मार्को ब्रांदेस्तिनी हे इंजिनिअर या दोघांनी सेरेक नावाचं यंत्र बनवलं, १९८५ मध्ये त्यावर पहिल्या पेशंटचं काम झालं, तेही एका बैठकीत, खुर्चीशेजारच्या मशीनवर. म्हणजे ही कल्पना चाळीस वर्षं जुनी आहे. पण ते होतं काचेच्या जातीच्या सिरॅमिकचं, आणि छोटं इनले होतं, म्हणजे दाताच्या खड्ड्यात बसवायचा तुकडा, ब्रिज नाही. आजही एका भेटीत जे करतात ते बहुतेक लिथियम डायसिलिकेट, काचेच्याच जातीचं सिरॅमिक. त्याचा ब्लॉक जांभळा असतो, पेशंट बघून घाबरतात! जांभळा असताना तो जरा मऊ, म्हणून मशीनला कापायला सोपा, मग भट्टीत साधारण ८५० डिग्रीला अर्धा तास ठेवला की आत स्फटिक वाढतात, रंग दाताचा होतो आणि ताकद अडीच-तीन पट वाढते. आकसणं नावापुरतं. पुढच्या दातांना दिसायला याच्यासारखं काही नाही. पण दाढेच्या ब्रिजला तो घेत नाहीत.

दाढेच्या ब्रिजला झिर्कोनिया, आणि झिर्कोनियाची गोष्ट कुंभाराची आहे.

आमच्याकडे येते ती गोल पांढरी डिस्क, ९८ मिलिमीटर व्यासाची, भाकरीपेक्षा लहान आणि भाकरीच्या दहापट महाग, जाडी १४, १६, १८ अशी लागेल तशी. ती अर्धवट भाजलेली असते, हातात घेतली तर खडूसारखी, नखाने ओरखडा येतो. पूर्ण भाजलेला झिर्कोनिया कापायचा तर हिऱ्याचे बर पण रडतात आणि वेळही फार जातो, म्हणून तो कच्चा असतानाच कापायचा आणि मग भट्टीत पक्का करायचा, मडक्यासारखा. मडकं जसं भाजताना आकसतं तसा हाही आकसतो, पण किती! लांबीत साधारण २० टक्के, म्हणजे आकारमानाने जवळजवळ निम्मा. प्रत्येक डिस्कवर एक आकडा छापलेला असतो, समजा १.२४५. याचा अर्थ तुमचा दात १० मिलिमीटर हवा असेल तर मशीन १२.४५ चा कापणार आणि भट्टीतून तो १० चा होऊन निघणार.

हा आकडा किती जिवावर बेतू शकतो ते माझ्याच चुकीवरून सांगतो. मशीन नवीन होतं, एक डिस्क संपली, दुसरी बसवली, कंपनी तीच, जाडी तीच, शेड तीच, फक्त बॅच वेगळी. आकडा १.२४५ च्या जागी १.२३५ च राहिला, मी बदलायला विसरलो. फरक किती, तर एक शतांश. पण दहा मिलिमीटरच्या दाढेला तो ८० मायक्रॉन होतो, म्हणजे सिमेंटची ठेवलेली जागा जवळजवळ खाऊन टाकली, आणि तीन दातांच्या ब्रिजला, जो टोकापासून टोकापर्यंत २८ मिलिमीटर भरतो, तिथे पाव मिलिमीटरच्या आसपास. ब्रिज मॉडेलवर बसेना. पुढचा दात बसला की मागचा उचलायचा. मी दीड तास आतून घासत बसलो, मग उजेडासमोर धरून बघितलं तर जोडापाशी केसासारखी बारीक रेघ, तडा. कचऱ्यात. त्या दिवसापासून डिस्क बदलली की दुसऱ्या माणसाने आकडा मोठ्याने वाचायचा आणि पहिल्याने स्क्रीनवर बघायचा, असा नियम केला, पोरं हसतात पण वाचतात.

मशीन कापतं ते बघायला छान असतं, पाच दिशांनी फिरतं, आधी जाड बर मग बारीक, कोरडंच कापतं आणि पिठासारखी पूड उडते, ती सक्शन ओढून घेतं. एका कॅपला पंधरा-वीस मिनिटं, ब्रिजला पाऊण तास धरा. कापून झालं की तुकडा डिस्कला दोन-तीन बारीक दांड्यांनी अडकलेला राहतो, त्या हाताने कापायच्या. खडूसारखा ब्रिज हातात, श्वास रोखून. इथेच, भट्टीत जायच्या आधी, अगदी बारीक बराने खाचा जरा खोल करायच्या, दोन दातांमधली रेघ उठावाची करायची, कारण नंतर घासलं तर तडे जायची भीती असते आणि कच्च्यावर मात्र लोण्यासारखं काम होतं. जो टेक्निशियन हे करतो त्याचा दात दातासारखा दिसतो, जो करत नाही त्याचा दात साबणाच्या वडीसारखा. मशीन दोघांकडे तेच.

रंगाचं पण. आता बहुतेक डिस्क रंगीत येतात, वर फिकट खाली गडद अशा थरांच्या, त्यात दात किती वर किंवा खाली बसवला यावरून शेड हलते. पांढऱ्या डिस्कला कापल्यावर रंगाच्या पाण्यात बुडवतात किंवा ब्रशने लावतात आणि मग दिव्याखाली पूर्ण वाळवतात. पूर्ण म्हणजे पूर्ण. पावसाळ्यात हवेतच ओल असते, वरून कोरडा दिसणारा तुकडा आत ओला राहतो, भट्टीत गेला की वाफ होते आणि तो फुटतो. जुलैमध्ये मी वाळवायचा वेळ दुप्पट करतो.

भट्टी, पंधराशे डिग्रीच्या वर. ब्रिज तसाच ठेवत नाहीत, ट्रेमध्ये झिर्कोनियाचेच बारीक मणी असतात, साबुदाण्यासारखे, त्यावर ठेवायचा. का, तर तो आकसताना सरकला पाहिजे. कुठे अडकला तर वाकतो, लांब ब्रिज तर केळ्यासारखा होतो. सावकाश तापवायचं, वर दोन तास धरायचं, सावकाश थंड करायचं, माझ्या भट्टीला पूर्ण रात्र जाते, म्हणून संध्याकाळी लावून घरी जायचं आणि सकाळी उघडायचं. झटपट भट्ट्या आल्यात, पण त्या प्रत्येक डिस्कला चालत नाहीत आणि ब्रिजला मी वापरत नाही. एकदा रात्री दीड-दोनला लाईट गेली, इन्व्हर्टर भट्टी ओढू शकत नाही, ट्रेमध्ये ११ दात होते, सकाळी उघडलं तर काही खडूसारखे पांढरट, काही तडकलेले. अकराही परत. पुढच्याच महिन्यात जनरेटर घेतला. तुमच्या आठ दिवसांतले काही दिवस कधीकधी असेही जातात.

हा इतका खटाटोप कशासाठी, तर झिर्कोनियाची एक वेगळीच तऱ्हा आहे. साधा झिर्कोनियम डायऑक्साईड तापवला की ११७० डिग्रीच्या आसपास त्याच्या आतली रचना बदलते, आणि थंड होताना परत जुन्या रचनेत येताना तो चार-पाच टक्के फुगतो आणि स्वतःच फुटतो. त्यात थोडं यिट्रिया, म्हणजे यिट्रियम या धातूचा ऑक्साईड, मिसळलं, की ती गरमीतली रचना थंड झाल्यावरही टिकून राहते. आणि मग मजा अशी की एखादी चीर सुरू झाली तर चिरेच्या टोकापाशी ते कण परत जुन्या रचनेत जातात, म्हणजे फुगतात, आणि चीर दाबून धरतात. १९७५ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी याला 'सिरॅमिक स्टील' म्हटलं होतं, अर्थात प्रश्नचिन्ह लावून. म्हणूनच याची ताकद ९०० ते १२०० मेगापास्कल आणि लिथियम डायसिलिकेटची साडेतीनशेच्या वर, जुन्या पोर्सिलेनची शंभर-दीडशे.

पण सगळा झिर्कोनिया एक नव्हे, आणि इथे पेशंटची फसगत होते. यिट्रिया वाढवलं की तो काचेसारखा नितळ दिसतो, दाताच्या जवळ जातो, पण वर सांगितलेली चीर दाबायची करामत कमी होते आणि ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणजे "सगळ्यात सुंदर, सगळ्यात महाग" झिर्कोनिया हा सगळ्यात मजबूत नाही, उलटंच. बाबांच्या दाढेला सुंदर कशाला, तिथे कोण बघतंय? जरा अपारदर्शक, मजबूत तोच घ्यावा, आणि पूर्ण एकाच तुकड्याचा, वर पोर्सिलेन न चढवलेला. वरचं पोर्सिलेन हे पोर्सिलेनच असतं, त्याचा टवका उडतो, खाली झिर्कोनिया शाबूत राहतो आणि पेशंट म्हणतो कॅप तुटली.

भट्टीतून आल्यावर मॉडेलवर बसवून बघणं, शेजारच्या दाताचा संपर्क, वरच्या दाताशी चावणं, थोडं लागलं तर पाण्याखालीच हिऱ्याच्या बराने काढायचं, गरम होऊ द्यायचं नाही. मग रंगाचे बारीक हात, ग्लेझ, परत एक छोटी भट्टी, आणि पॉलिश. पॉलिशबद्दल एक सांगतो, लोक म्हणतात झिर्कोनिया समोरचा दात खाऊन टाकतो. आरशासारखा पॉलिश केलेला खात नाही, खरखरीत खातो. डॉक्टरांनी तोंडात बसवताना "हाय लागतंय" म्हणून घासलं आणि परत पॉलिश केलं नाही, तर तो भाग कानशीसारखा वागतो. बाबांना बसवताना डॉक्टर घासतील तर मग रबराच्या चाकांनी पॉलिश पण करतील ना एवढं हसून विचारा. चांगले डॉक्टर रागावत नाहीत.

आणि सिमेंट. आतल्या बाजूला आम्ही ५० मायक्रॉनच्या वाळूचा हलका मारा करून पाठवतो, म्हणजे सिमेंट धरेल. डॉक्टर बसवून बघतात, त्याला लाळ लागते, लाळेतलं फॉस्फेट झिर्कोनियाला चिकटतं आणि नुसत्या पाण्याने निघत नाही, त्यासाठी वेगळी पेस्ट असते किंवा परत वाळू मारायची. लिथियम डायसिलिकेटला ॲसिडने खरवडतात, झिर्कोनियावर त्या ॲसिडचा उपयोग नाही. "झिर्कोनिया पडतो हो" ही तक्रार ऐकतो तेव्हा बरेचदा गोष्ट इथेच अडलेली असते, नाहीतर दात उंचीला फार आखूड असतो.

आता वॉरंटी. कार्ड खोटं नसतं, पण ते कशाचं आहे ते वाचा. ते मटेरियलचं आहे, म्हणजे डिस्क कंपनी म्हणते आमचा झिर्कोनिया मोडला तर बदलून देऊ. कार्डावर नंबर असतो, बहुतेक कंपन्यांच्या साइटवर टाकून तो खरा आहे का बघता येतो, ते मात्र जरूर करा, कारण स्वस्त डिस्क वापरून नावाचं कार्ड देण्याचे प्रकार बाजारात आहेत. पण माझ्याकडे परत आलेल्या कामात मोडलेला झिर्कोनिया फार थोडा असतो, आतला दात किडून किंवा हिरडी खाली सरकून वाया गेलेलं काम जास्त. ते कार्डात येत नाही. मधल्या दाताखालून आणि दोन्ही जोडांखालून बाबांनी रोज छोटा ब्रश किंवा जाडसर फ्लॉस घातला पाहिजे, डॉक्टर दाखवतील, तुम्ही पण शेजारी उभ्या राहून बघून घ्या कारण बाबा घरी आल्यावर विसरणार.

पैसे जास्त का याचं उत्तर आता तुमच्या लक्षात आलंच असेल, डिस्क, बर, भट्टीचं वीजबिल, सॉफ्टवेअर, आणि जे अकरा दात कचऱ्यात गेले ते पण त्यातच. दिवसांचं म्हणाल तर माप पार्सलने यायला एक, मॉडेल आणि स्कॅनला एक, डिझाईनला प्रत्यक्षात तासभर पण रांगेत दिवस, कापणं आणि रात्रीची भट्टी मिळून एक, फिनिशिंगला एक, आणि परत पार्सल. मध्ये शनिवार-रविवार, आणि एखादा फोन डॉक्टरांना. चार दिवसांत देतो म्हणणारे पण आहेत, देतातही, तोंडातला स्कॅन असेल तर मीही देतो.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा एक गोष्ट आठवणीने सांगा. बाबा झोपेत दात खातात का? आईंना विचारा, त्यांना माहीत असेल. खात असतील तर जोड जाड लागतो, वरचे कंगोरे बसके ठेवावे लागतात आणि रात्री घालायचा गार्ड पण करून घ्यावा लागतो, आणि हे डिझाईन सुरू व्हायच्या आधी मला कळलं पाहिजे. आमच्या लॅबच्या फॉर्मवर त्यासाठी रकाना आहे. दहातले आठ फॉर्म तो रकाना कोरा ठेवूनच येतात.